खाडीत भराव दिसला तर काय करायचं? कांदळवन आणि पाणथळ जागांसाठी पहिल्यांदा तक्रार करणाऱ्यांना मार्गदर्शन

रायगड जिल्ह्यात आमची वाडी खाडीला लागून आहे. वाडीमागे एक जुना रस्ता जातो आणि त्या रस्त्याखाली एक मोरी आहे. भरतीचं पाणी त्या मोरीतून पलीकडच्या तिवरांत, म्हणजे खारफुटीच्या झाडांत, जायचं. एका फेब्रुवारीत कोणीतरी मोरीच्या तोंडाशी चार-पाच डंपर मुरूम ओतला. एकही झाड तुटलेलं नव्हतं, म्हणून गावात कोणाला फारसं काही वाटलं नाही. मेपर्यंत पलीकडची पानं पिवळी पडली आणि पावसाळ्यानंतर तिथे नुसते करडे खुंट उभे होते.

मी तक्रार केली, पण चुकीच्या कार्यालयात, चुकीच्या शब्दांत आणि गट क्रमांक न देता केली. तिथे दोन महिने गेले. "हे आमच्याकडे येत नाही" हे वाक्य मी तीन टेबलांवर ऐकलं. मोरी उघडायला एकूण चौदा महिने लागले. त्यातले निदान सहा महिने मला आधी माहिती असती तर वाचले असते. ते तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं कोकण किनाऱ्यावरची, म्हणजे पालघर, ठाणे, मुंबई, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली आहेत. इतर राज्यांत कार्यालयांची नावं वेगळी असतील.

१. आधी पाणी बघायला शिका

नवखा माणूस तुटलेलं झाड शोधतो. अनुभवी माणूस आधी पाणी कुठे अडलंय ते पाहतो. कांदळवनाचा, म्हणजे खारफुटीच्या जंगलाचा, जीव दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीवर असतो. ती वाट बंद झाली की झाडं उभ्या जागी मरतात. मग वर्षाभराने कोणी येऊन म्हणतं, "इथे कांदळवन होतंच कुठे? ही तर पडीक जमीन." म्हणून बुजवलेली मोरी, बांधातली बंद केलेली उघाडी (पाणी आत-बाहेर जायची वाट), खाडीच्या फाट्यावर टाकलेला आडवा बांध आणि वाहतुकीसाठी केलेला "तात्पुरता" रस्ता यांच्यावर पहिल्यांदा नजर ठेवा.

भरतीची वेळ कळायला मोबाइल लागतोच असं नाही. आमच्याकडचे जुने मच्छीमार तिथीला पाऊणने गुणतात. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. खाडीत आत जाल तसा तिला थोडा उशीर होतो. रोज ती पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती असते आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. भांगाच्या दिवसांत पाणी एरवीही फार वर चढत नाही. तेव्हा काढलेला कोरड्या चिखलाचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. माझे पहिले सगळे फोटो भांगाचे होते आणि पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ते बाजूला ठेवले, ते बरोबरच होतं.

उधाणाच्या दिवशी एक सोय आहे. मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. दोन्ही उजेडात मिळतात. त्या दिवशी बुजवलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना उभं राहा. एका बाजूला पाणी गुडघ्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला चिखल भेगाळलेला, असं दिसलं की तुमची अर्धी तक्रार तिथेच तयार झाली.

जमिनीकडे वाकून पाहा. जिवंत बाजूला चिखलावर खेकड्यांची बिळं दिसतील, त्यांच्या तोंडाशी मातीच्या बारीक गोळ्या असतील आणि पावलाचा आवाज झाला की निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) टुणकन उडून पाण्यात जातील. तिवराच्या श्वसनमुळ्या पेन्सिलीसारख्या वर आलेल्या असतात. बोटाने दाबल्या तर त्या लवतात. मेलेल्या बाजूला त्याच मुळ्या राखेच्या रंगाच्या होतात आणि काटकीसारख्या मोडतात. तिथे बिळं असतात, पण आत कोणी नसतं. आमच्या वाडीतल्या एका आजींनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं: "पानी फिरलंच नाय तं निवट्या कुठून येतील?" त्यांनी ते वाक्य पाहणीच्या दिवशी अधिकाऱ्यांसमोरही म्हटलं आणि ते पंचनाम्यात "स्थानिकांच्या म्हणण्यानुसार" म्हणून नोंदलं गेलं.

झाडांची मराठी नावं शिकून घ्या. तिवर, कांदळ, चिप्पी आणि काटेरी पानांची मरांडी एवढी ओळखता आली तरी सुरुवातीला पुरे. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. तक्रारीत "झाडं" असं न लिहिता "तिवर आणि चिप्पी" असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही जागेवर गेला होतात.

२. जागा कागदावर काय आहे ते शोधा

सातबारा काढा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून तो पाहता येतो. गट क्रमांक ठाऊक नसेल तर तलाठ्यांकडे (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे) गाव नकाशा पाहायला मागा. भोगवटादाराचं नाव, क्षेत्र आणि "इतर हक्क" हा रकाना नीट वाचा. तिथे वन, राखीव वन, खाजण (भरतीचं पाणी येणारी खारट जमीन), सरकारी पड यांपैकी काही लिहिलं असेल तर ते टिपून ठेवा. जुने फेरफारही काढून घ्या. आज "शेती" दिसणारी जागा जुन्या फेरफारात "खाजण" असू शकते आणि तो कागद पुढे फार उपयोगी पडतो.

त्यानंतर जागेला कोणता नियम लागतो ते पाहा. एकाच जागेला दोन-तीन नियम लागू शकतात.

पहिला नियम सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचना निघाल्या. कांदळवन, कासवांची विणीची जागा, खाऱ्या पाण्याची दलदल अशा नाजूक जागा सर्वांत कडक गटात, म्हणजे सीआरझेड-एक-अ मध्ये येतात. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा सीआरझेड-एक-ब मध्ये येतो. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतात. १:४००० प्रमाणाचा नकाशा पाहा. १:२५,००० वर तुमची वाडी एका ठिपक्याएवढी दिसेल.

दुसरा आधार मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल. हा निकाल कांदळवनासाठी सर्वांत मोठं हत्यार आहे, म्हणून नीट समजून घ्या. कांदळवन असलेली जमीन सीआरझेड-एक मध्ये धरायची, जमीन सरकारी असो की खाजगी, तोड आणि भराव राज्यभर बंद, कांदळवनाभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नाही आणि नष्ट केलेलं कांदळवन परत उभं करणं ही राज्याची जबाबदारी, असं न्यायालयाने सांगितलं. कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ वरचा घाला आहे, असंही त्यात म्हटलं आहे. "जमीन माझी आहे, मी काहीही करीन" या बोलण्याला हे उत्तर आहे.

तिसरा नियम वनाचा. सरकारी जमिनीवरचं कांदळवन राखीव वन म्हणून जाहीर झालं असेल तर १९२७ चा भारतीय वन कायदा लागतो आणि वनरक्षकाला थेट कारवाई करता येते.

चौथा पाणथळ जागांचा. २०१७ चे पाणथळ नियम आहेत, पण त्यांतून भातशेती, नदीपात्र, मिठागरं आणि सिंचन किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. त्यामुळे "हे तर पाणथळ नाहीच" असं उत्तर येऊ शकतं. अशा वेळी देशाच्या पाणथळ नकाशात ती जागा आहे का ते पाहा. २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या अशा २,०१,५०३ जागांना २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलं आहे.

इथे शेतकऱ्याची बाजूही सांगायला हवी. रायगडात खारबंदिस्तीचा बांध फुटून समुद्राचं पाणी भातखाचरात शिरलं, वर्षानुवर्षं बांध दुरुस्त झाला नाही आणि पिकत्या शेतात तिवर उगवले, असं अनेक गावांत झालं आहे. त्या माणसाची दोन पिढ्यांची जमीन गेलेली असते. त्याने जुन्या बांधावर माती घातली म्हणून धावत तक्रार करू नका. आधी त्याच्याशी बोला आणि खारभूमी विभागाकडे बांधाची नोंद आहे का ते विचारा. बांधाची दुरुस्ती आणि खाडीत नवा भराव यांत फरक आहे. तो फरक न समजता केलेली तक्रार गाव तुमच्या विरोधात नेते आणि खरा भराव टाकणारा मजेत राहतो.

३. पुरावा असा गोळा करा की तो टिकेल

लागणारी साधनं फार नाहीत:

- जीपीएस चालू असलेला मोबाइल आणि फोटोवर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ छापणारं एखादं अ‍ॅप
- मोजपट्टी किंवा खुणा केलेली काठी
- तारीखवार वही, पानांना क्रमांक घातलेली
- सातबारा, गाव नकाशाची प्रत आणि किनारा नकाशाचा तुमच्या जागेपुरता छापील भाग
- सोबत किमान एक माणूस

प्रत्येक जागेचे तीन फोटो काढा. एक लांबून, ज्यात ओळखता येईल असं काहीतरी (देऊळ, विजेचा खांब, जेट्टी) दिसेल. एक मधल्या अंतरावरून. एक जवळून, भरावाच्या मातीशेजारी काठी उभी करून. पुढच्या महिन्यात त्याच तिथीला, त्याच जागी उभं राहून तेच फोटो पुन्हा काढा. आमच्या प्रकरणात विजेच्या खांब क्रमांकाने काम सोपं केलं. खांबावर रंगवलेला क्रमांक फोटोत आला होता, त्यामुळे जागेबद्दल वाद घालायला जागाच राहिली नाही.

गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची उपग्रह चित्रं पाहण्याची सोय आहे. घड्याळाच्या चिन्हावर जाऊन वर्षं मागे सरकवा. हिरवं कधीपर्यंत होतं आणि करडं कधी झालं ते कळतं. चित्रावरची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि छापा. "इथे काही नव्हतंच" या म्हणण्यापुढे हा कागद ठेवला की बोलणं थांबतं.

इथे नवखे लोक हमखास अडकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची मूळ माहिती निघून जाते. फोटो "डॉक्युमेंट" म्हणून किंवा ईमेलने पाठवा आणि मूळ फाइल फोनमधून कधीही पुसू नका. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. तेव्हा मूळ फोन कोणाचा, फोटो कोणी काढला, हे विचारलं जातं.

पक्ष्यांची नोंद ठेवा. दर रविवारी त्याच जागी तासभर उभं राहून किती जातींचे, किती पक्षी दिसले ते ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत गेलात तर वर्षभरात त्या जागेचा इतिहास तयार होतो. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत तुमची जागा घालता येते. ठाणे खाडीला २०१५ साली रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यामागे अनेकांच्या अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींचं काम आहे.

आता सुरक्षिततेबद्दल. रात्री डंपर अडवायला जाऊ नका. चालकाशी वाद घालू नका. गाडीचा क्रमांक सुरक्षित अंतरावरून टिपा आणि ११२ वर कळवा. कुंपण ओलांडून खाजगी जागेत शिरू नका, सार्वजनिक रस्त्यावरून किंवा होडीतून फोटो घ्या. चिखलात एकट्याने उतरू नका. उधाणाला पाणी पाठीमागच्या बाजूने कधी भरतं ते कळत नाही, हे मी खाडीकाठची असूनही सांगते आहे.

४. तक्रार कोणाकडे

माझं सर्वांत मोठं नुकसान इथे झालं. एकाच कार्यालयात अर्ज देऊन वाट पाहत बसू नका. एकच अर्ज, पण सगळ्यांना एकाच वेळी द्या आणि प्रत्येक अर्जावर "प्रत" खाली सगळ्यांची नावं लिहा. मग एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवणं अवघड होतं.

तहसीलदार हे पहिलं नाव. जागेचा पंचनामा महसूल खातं करतं. प्रांताधिकाऱ्यांना प्रत द्या.

वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. जवळच्या कांदळवन विभागाचे वनक्षेत्रपाल आणि विभागीय वन अधिकारी यांना अर्ज द्या. तातडीचं असेल तर वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे.

जिल्हाधिकारी हे सीआरझेडच्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष असतात. अधिसूचनेनुसार त्या समितीत मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत हे शोधून त्यांना जाऊन भेटा. माझ्या अनुभवात कागदापेक्षा या भेटीने काम जास्त पुढे सरकलं.

कोकण विभागीय आयुक्त, कोकण भवन, बेलापूर यांना प्रत पाठवायला विसरू नका. २०१८ च्या निकालाने कांदळवनासाठीची समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमली आहे. कोकणातल्या पाणथळ जागांच्या तक्रारीही त्यांच्याच समितीपुढे जातात.

राज्याचं किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण मंत्रालयात पर्यावरण विभागात आहे. सीआरझेडची परवानगी दिली आहे की नाही, हे त्यांनाच सांगता येतं.

महापालिका किंवा ग्रामपंचायत यांना राडारोड्याबद्दल प्रत द्या.

तुमचं नाव बाहेर येऊ नये असं वाटत असेल तर नाव गुप्त ठेवण्याची विनंती अर्जात स्पष्ट लिहा. गावात दबाव असेल तर अर्ज एकट्याने न देता मच्छीमार सोसायटी, महिला बचत गट किंवा गृहनिर्माण संस्थेच्या नावाने द्या.

समाजमाध्यमावर टाकलेली पोस्ट म्हणजे तक्रार नव्हे. तिला आवक क्रमांक नसतो.

५. अर्ज कसा लिहायचा

एक पान पुरे. माझा पहिला अर्ज चार पानांचा होता. त्यात पर्यावरणाचं महत्त्व होतं, पण गट क्रमांक नव्हता. दुसऱ्यांदा दिलेला अर्ज साधारण असा होता:

*विषय: मौजे ____, तालुका ____ येथील गट क्र. ____ मध्ये भरतीच्या पाण्याची मोरी बुजवल्याबाबत व त्यामुळे कांदळवन मरत असल्याबाबत.*

*वरील ठिकाणी (अक्षांश ____, रेखांश ____) दि. ____ रोजी सुमारे ____ मीटर लांब व ____ मीटर उंच मुरुमाचा भराव आढळला. त्यामुळे पूर्वेकडील सुमारे ____ गुंठे क्षेत्रात भरतीचं पाणी जाणं बंद झालं असून तिवर व चिप्पी सुकत आहेत. दि. ____ (पौर्णिमा) रोजी दुपारी भरतीच्या वेळी दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडले आहेत.*

*ही जागा सीआरझेड-एक मध्ये येत असून मा. मुंबई उच्च न्यायालयाच्या दि. १७/०९/२०१८ च्या निकालानुसार येथे भराव करण्यास मनाई आहे. विनंती: (१) भराव तत्काळ थांबवावा. (२) उधाणाच्या दिवशी संयुक्त स्थळपाहणी करून पंचनामा करावा व अर्जदारास आधी कळवावं. (३) मोरी मोकळी करून पाण्याची वाट पूर्ववत करावी. (४) मेलेल्या कांदळवनाचं पुनर्रोपण करावं. (५) केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी.*

अर्जात माणसाचं नाव घालू नका, कृती लिहा. "अमुक माणसाने भराव केला" हे तुम्हाला सिद्ध करता येत नसेल तर उलट तुमच्यावरच दावा येऊ शकतो. भराव कोणाचा, हे शोधणं त्यांचं काम आहे.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. पाणी पूर्ववत करण्याची मागणी नसेल तर रोपं लावून फोटो काढले जातात, पाणी बंदच राहतं आणि रोपं मरतात.

प्रत्यक्ष देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. बाकीच्यांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावत्या वहीत चिकटवा. ज्या भरावाला खरोखर परवानगी असू शकते (पूल, रस्ता, वीजवाहिनी), तिथे अर्जातच "परवानगी असल्यास तिची प्रत द्यावी" हे वाक्य घाला. सार्वजनिक कामासाठी कांदळवन तोडायचं असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. ती आहे की नाही, हे एका ओळीत कळतं.

६. स्थळपाहणीच्या दिवशी

प्रकरणाचं भवितव्य या दिवशी ठरतं. तुम्ही हजर नसाल तर पाहणी रस्त्यावरूनच होऊ शकते आणि "प्रत्यक्ष जागेवर कांदळवन आढळून आलं नाही" असा अहवाल लिहिला जाऊ शकतो. आमची पहिली पाहणी अशीच झाली होती. ती भांगाच्या दिवसात आणि भर ओहोटीला झाली, आणि आम्हाला निरोप मिळाला तेव्हा गाडी परत निघाली होती.

दुसऱ्या वेळी आम्ही तयारी केली. वाडीतल्या पाच जणांना कामावरून सुट्टी घ्यायला लावली. खेकडे पकडणाऱ्या दोन बायका होत्या, एक जुने नाखवा (होडीचे मालक) होते. पौर्णिमेचा दुसरा दिवस मागून घेतला. अधिकाऱ्यांसाठी गमबूट नेले, हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण चपलेवर आलेला माणूस चिखलात उतरत नाही आणि मेलेली झाडं रस्त्यावरून दिसत नाहीत. मोरीच्या जागी मुरूम हाताने उकरून सिमेंटच्या पाइपाची कड दाखवली. वनरक्षकांनी स्वतः मोजपट्टी धरली.

पंचनामा जागेवरच लिहिला जातो. पंच म्हणून गावातल्या दोन समजूतदार माणसांना पुढे करा. सही करण्याआधी मजकूर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. झाडांच्या जाती, सुकलेल्या झाडांची अंदाजे संख्या, भरावाची लांबी-रुंदी-उंची, पाणी कुठे अडलं ते ठिकाण आणि भरतीची वेळ, एवढं त्यात आलं पाहिजे. काही राहिलं तर भांडू नका. "अमुक बाब नोंदवण्याची विनंती" असा अर्धा पानाचा अर्ज तिथल्या तिथे लिहून द्या आणि पोच घ्या. पंचनाम्याची प्रत मागा. तोंडी नकार मिळाला तर पुढची पायरी आहेच.

७. पाठपुरावा: माहितीचा अधिकार

तीस दिवसांत हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ही मर्यादा ओलांडली म्हणून अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

"कारवाई का केली नाही?" असं विचारू नका, कारण "का" ला माहिती मानत नाहीत. कागद मागा: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील सर्व टिपण्या, स्थळपाहणी अहवाल, पंचनामा, पाठवलेल्या नोटिसा आणि त्या गटासाठी दिलेल्या परवानग्यांच्या प्रती. फाइल प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क आहे, तो आवर्जून वापरा. आमच्या फाइलमध्ये दोन कार्यालयांनी एकमेकांना लिहिलेली तीन पत्रं सापडली. प्रत्येकाने दुसऱ्याला "आपल्या स्तरावर कारवाई व्हावी" असं कळवलं होतं. ती तीन पत्रं एकत्र लावून आयुक्तांना पाठवल्यावर संयुक्त पाहणीची तारीख आली.

तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. दोन्ही अपिलांना प्रत्येकी वीस रुपये लागतात.

८. हरित लवाद

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. वाद पहिल्यांदा उभा राहिल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पुरेसं कारण दिलं तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. नुकसानभरपाई किंवा जागा पूर्ववत करून मागायची असेल तर मुदत पाच वर्षांची आहे. भरपाई मागितलेली नसेल तर अर्जाचं शुल्क हजार रुपये. कार्यालयांत फेऱ्या मारताना सहा महिने कधी संपतात ते कळत नाही, म्हणून भराव पहिल्यांदा दिसला ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि चौथ्या महिन्यात वकिलाला भेटाच. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

९. तक्रार नसतानाही करायचं काम

२००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती बहुतेक ठिकाणी कागदावर असते. ग्रामसभेत विचारा: आपल्या समितीचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, लोक जैवविविधता नोंदवही कुठे आहे? नोंदवही पाहायला मिळाली तर तिच्यात तुमच्या खाडीचं नाव आहे का ते पाहा. आमच्या नोंदवहीत आंबा, काजू, बिबट्या होता आणि खाडीबद्दल एक ओळ होती. गेल्या वर्षी वाडीतल्या बायकांनी बसून जिताडा, बोयटं, चिंबोऱ्या, कालवं कुठे आणि कोणत्या महिन्यात मिळतात ते लिहून दिलं. ग्रामसभेच्या ठरावासह ते नोंदवहीत गेलं आहे. उद्या कोणी म्हणालं की त्या खाडीत काही नाही, तर गावाचा स्वतःचा कागद तिथे आहे.

किनाऱ्यावर राहत असाल तर नोव्हेंबर ते मार्च पहाटे पुळणीवर फिरा. ऑलिव्ह रिडले मादी घरटं करून गेली असेल तर वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी येण्या-जाण्याची खूण दिसते. अंडी स्वतः उकरू नका, जागेवर खूण करून वन विभागाला किंवा गावातल्या कासवमित्राला कळवा. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या लोकांनी गेली वीसहून अधिक वर्षं हेच केलं आहे आणि त्या पुळणीवर डोळा ठेवायला आता गावच उभं असतं.

आमची मोरी पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये उघडली. मेलेली झाडं मेलीच, पण कडेला वाचलेल्या चार चिप्पींची फळं पाण्यासोबत आत आली आणि पावसाळ्यात बोटभर रोपं दिसली. आता दर अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराला वाडीतलं कोणीतरी मोरीवर जातं, पाइपाच्या तोंडावर रंगवलेल्या खुणेपर्यंत पाणी आलं का ते पाहतं आणि वहीत आकडा लिहितं. तुमच्या खाडीवर अशी एखादी मोरी असेल तर येत्या उधाणाला आधी तिच्यावर खूण रंगवा.